आठवाले, वीसवाले आणि एकच कुराण

रमजानच्या रात्री सोलापूरच्या विजापूर वेशीत चालायला जागा नसते. मीना बाजारात बांगड्या, चपला, पोरांचे झगमगीत कुर्ते, आणि सगळ्यावर कबाबच्या शेगडीचा धूर. या गर्दीत रोज एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मशिदीत इशानंतरची, म्हणजे रात्रीच्या नेहमीच्या नमाजनंतरची, तरावीह चालू असते. तरावीह म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज. आठ रकात झाल्या की मागच्या रांगेतले तीन-चार जण हळूच उठतात, ढिगातून आपल्या चपला हुडकतात आणि बाहेर पडतात. बाकीचे वीस पुऱ्या करूनच येतात. (रकात म्हणजे नमाजचा एक फेरा: उभं राहायचं, कमरेत वाकायचं, दोनदा माथा टेकायचा.)

समोरच्या चहाच्या टपरीवरच्या अण्णांनी हे बरेच दिवस पाहिलं असावं. एका रात्री विचारलंच, "काय हो भाई, हे आधी सुटणारे कोण? दमून येतात काय?"

म्हटलं, "नाही अण्णा, ते आठवाले. आत थांबले ते वीसवाले."

"मग कुराणात किती लिहिलंय?"

"कुराणात आकडाच नाही."

अण्णांनी गाळणी पातेल्यावर आपटली. "आकडाच नाही तर भांडताय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. ईद कधी, तलाकचा निकाल काय, इराण आणि सौदीचं का पटत नाही, असं काहीही निघालं की टीव्हीवर 'मुस्लिम समाजाचं म्हणणं' सांगायला एक दाढीवाले गृहस्थ बसवले जातात. जणू म्हणणं एकच आहे आणि ते त्यांच्या खिशात आहे. घरी बसून बघणाऱ्या मुसलमानालाही दर वेळी प्रश्न पडतो, की हे गृहस्थ आपले की दुसऱ्यांचे? अण्णांना त्या रात्री जे धड सांगता आलं नाही, ते इथे सांगतो.

पुस्तकात फरक नाही

शिया लोकांचं कुराण वेगळं असतं, असं सोलापुरात शिकल्या-सवरलेल्यांच्या तोंडूनही ऐकलंय. तसं नाही. पैगंबर मुहंमद (स.) यांच्यावर इ.स. ६१० ते ६३२ या तेवीस वर्षांत जे उतरलं, ते तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्या काळात, ६५० च्या सुमारास, एका प्रमाण प्रतीत आलं. सूरा म्हणजे अध्याय ११४, आयती म्हणजे वचनं सव्वासहा हजारांच्या घरात. तेहरानमध्ये छापलेली प्रत आणि बेगम पेठेतल्या एखाद्या घरातली प्रत शेजारी ठेवा, अरबी मजकूर तोच दिसेल.

फरक पडतो तो मजकूर वाचून अर्थ लावताना. इथे तीन शब्द लागतील, तेवढे लक्षात ठेवा. अर्थ उलगडून सांगण्याला म्हणतात तफसीर. त्या अर्थावरून वागण्याचे नियम काढण्याचं शास्त्र म्हणजे फिकह. आणि पिढ्यान् पिढ्या एका पद्धतीने चालणारी परंपरा म्हणजे मसलक. बोलताना सोलापुरात लोक सरळ 'जमात' म्हणतात: "ते कुठल्या जमातीचे?"

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. नळदुर्ग, उमरगा ओलांडून पुढे गेलं की बसवकल्याण लागतं. चालुक्यांच्या या राजधानीत सहाव्या विक्रमादित्याच्या पदरी विज्ञानेश्वर होते. याज्ञवल्क्यस्मृतीवर त्यांनी मिताक्षरा ही टीका लिहिली. तिकडे बंगालात जीमूतवाहनांनी दायभाग लिहिला. दोघांपुढे शब्द एकच होता, 'सपिंड'. विज्ञानेश्वर म्हणाले, पिंड म्हणजे देह, ज्यांच्यात एका देहाचा अंश आहे ते सपिंड. दायभागाने धरलं की पिंड म्हणजे श्राद्धाचा पिंड, ज्यांना तो पोचवायचा अधिकार ते सपिंड. एका शब्दाच्या या दोन अर्थांवर १९५६ चा वारसा कायदा येईपर्यंत कलकत्त्यात एक वारस ठरत होता आणि सोलापुरात दुसरा. म्हणून बंगाली माणूस हिंदू नव्हता, असं काही कुणी म्हटलं नाही.

कुराणात असाच एक शब्द आहे, 'कुरू'. दुसऱ्या सूरेत म्हटलंय की तलाक झालेल्या स्त्रीने तीन कुरू थांबावं, मग ती दुसरं लग्न करायला मोकळी. या थांबण्याला इद्दत म्हणतात. पण अरबीत कुरूचे दोन अर्थ होतात: मासिक पाळी, आणि दोन पाळ्यांमधला पाळी नसलेला काळ. इमाम अबू हनीफा यांच्या परंपरेने, म्हणजे हनफींनी, पहिला अर्थ घेतला. इमाम शाफई यांच्या परंपरेने दुसरा. सोलापूरचे बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आणि कोकणातले शाफई. म्हणजे तोच तलाक, तीच आयत, आणि सोलापुरातल्या बाईची इद्दत रत्नागिरीतल्या बाईपेक्षा काही दिवसांनी लांबते. दोन्हीकडच्या विद्वानांना समोरच्याचा अर्थ माहीत आहे, आणि भाषेच्या दृष्टीने तो चूक नाही हेही माहीत आहे.

कधी कधी तर शब्दही नाही, नुसती एक मात्रा. पाचव्या सूरेतली सहावी आयत वजू कसा करावा ते सांगते. नमाजच्या आधी हात-तोंड धुतात तो वजू. तोंड धुवा, कोपरापर्यंत हात धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा, आणि पाय... इथे गाडी अडते. 'अर्जुलकुम' असं जबर, म्हणजे 'अ'ची खूण, लावून वाचलं तर पाय 'धुवा'शी जोडले जातात. 'अर्जुलिकुम' असं जेर, म्हणजे 'इ'ची खूण, लावून वाचलं तर 'ओला हात फिरवा'शी. दोन्ही पठणं जुनी आणि मान्य आहेत. सुन्नी पाय धुतात. शिया पायावरून ओला हात फिरवतात. जबरचं पठण घेऊनही व्याकरणाच्या आधाराने ते तोच अर्थ लावतात. सुन्नी आपल्या बाजूने पैगंबरांच्या आचरणाचे दाखले देतात. चौदाशे वर्षं हा वाद एका वेलांटीभोवती फिरतोय.

आणि मात्राही नको, नुसतं थांबणं पुरतं. तिसऱ्या सूरेतली सातवी आयत स्वतः कुराणाच्या अर्थाबद्दलच बोलते. काही आयती स्पष्ट आहेत, काही गूढ. त्या गूढ आयतींचा अर्थ 'अल्लाहशिवाय कुणी जाणत नाही आणि ज्ञानात मुरलेले लोक म्हणतात आमचा यावर विश्वास आहे'. 'जाणत नाही' इथे श्वास घेतला तर अर्थ फक्त अल्लाहला ठाऊक. तिथे न थांबता अरबी वाक्य तसंच पुढे नेलं तर 'अल्लाह आणि ज्ञानात मुरलेले लोक' दोघांना ठाऊक. सुन्नी विद्वानांतले बहुसंख्य थांबतात. काही सुन्नी भाष्यकार आणि शिया थांबत नाहीत. शियांच्या दृष्टीने ज्ञानात मुरलेले ते म्हणजे पैगंबरांच्या घराण्यातले इमाम. अर्थ लावायचा हक्क कुणाला हे सांगणारी आयत, आणि तिचाच अर्थ श्वास कुठे घ्यायचा यावर ठरतो. मला स्वतःला संपूर्ण विषयात याच्याइतकी विलक्षण गोष्ट दुसरी सापडलेली नाही.

हुकूम एक, ऐकणारे दोन

भाषा बाजूला ठेवली तरी मतभेद उरतात, कारण माणसं दोन स्वभावाची असतात. आईने सांगितलं, "दुकानातून थेट घरी ये, कुठे थांबू नको." वाटेत म्हातारी रस्त्यात पडलेली दिसली. एक पोरगा म्हणेल, आईने थांबू नको म्हटलंय. दुसरा म्हणेल, उगाच उनाडक्या करू नको असा आईचा अर्थ होता.

नेमका असा प्रसंग पैगंबरांच्या हयातीत घडला. साल ६२७. खंदकाची लढाई संपली होती आणि त्यांनी साथीदारांना सांगितलं, असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज बनू कुरैजा या टोळीच्या वस्तीत पोचल्याशिवाय कुणी पढू नये. निघाले, पण वाटेतच असरची वेळ टळायला आली. काही जण म्हणाले, घाई करा एवढाच त्या सांगण्याचा अर्थ, नमाज चुकवा असा नव्हे. त्यांनी वाटेतच नमाज पढली. बाकीचे म्हणाले, शब्द म्हणजे शब्द, तिथे पोचल्यावरच. नंतर दोन्ही गोष्टी पैगंबरांच्या कानावर घातल्या गेल्या. त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची साखळीने आलेली नोंद.

पुढच्या सगळ्या फिकहची बीजं या एका दुपारी दिसतात. शब्द धरणारे आणि हेतू धरणारे, दोन्ही तेव्हापासून आहेत.

मग ईद दोन दिवशी का?

केरळात ईद झाली आणि आमच्याकडे रोजा चालू, असं अनेकदा होतं. ऑफिसात लोक विचारतात, "अरे, तुमचं अजून ठरलं नाही का?"

हदीस सांगते, चाँद बघून रोजे धरा, चाँद बघून सोडा. पण कुणी, कुठे बघितलेला चाँद? कुरैब नावाचे गृहस्थ सीरियाला गेले होते. तिथे रमजानचा चाँद शुक्रवारी रात्री दिसला. मदिनेला परतल्यावर त्यांनी ते पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांना सांगितलं. ते म्हणाले, आम्हाला शनिवारी रात्री दिसला, आम्ही आमच्या हिशेबाने तीस पुरे करू किंवा आमचा चाँद बघू. कुरैबनी विचारलं, तिकडचं बघणं पुरेसं नाही का? नाही, म्हणाले, पैगंबरांनी आम्हाला असंच सांगितलंय. यावरून एका पक्षाने धरलं की प्रत्येक प्रदेशाचा चाँद वेगळा. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, एका ठिकाणी खात्रीने दिसला की सगळ्यांना लागू. आता तिसरा पक्ष खगोलाच्या गणिताचा.

पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या माणसाला हे अवघड वाटायला नको. भिंतीवरचं कॅलेंडर बघा. काही महिन्यांत 'स्मार्त एकादशी' एका दिवशी आणि 'भागवत एकादशी' दुसऱ्या दिवशी छापलेली असते. वारकरी भागवत धरतात. त्या दिवशी स्मार्ताच्या घरी जेवण होतं म्हणून काही विठोबा दोन होत नाहीत.

शिया-सुन्नी हे प्रकरण वेगळं

आतापर्यंतचे मतभेद फिकहचे होते. शिया-सुन्नी फाटा नियमांवरून फुटलेला नाही. पैगंबरांनंतर समाजाचं पुढारपण कुणाकडे, इथे तो फुटला. ६३२ मध्ये हजच्या परतीच्या वाटेवर, गदीर खुम्म या ठिकाणी, पैगंबर म्हणाले, "मी ज्याचा मौला, अली त्याचा मौला." अली म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई. हे वाक्य शिया-सुन्नी दोघांनाही मान्य आहे. पण मौला म्हणजे धनी आणि मौला म्हणजे सखाही. शिया म्हणतात, वारस नेमला. सुन्नी म्हणतात, प्रेम राखायला सांगितलं. पुन्हा एक शब्दच, पण या वेळी त्यावर गादी ठरत होती.

मग ६८० मध्ये करबला. पैगंबरांचे नातू हुसैन मूठभर माणसांसह मारले गेले. ते दुःख दोघांचं आहे. आपल्या भागातल्या कित्येक गावांत मुहर्रमला पंजे बसतात. बसवणारे सुन्नी असतात आणि हिंदूही असतात.

राजकारण यात किती मिसळतं ते बघायला लांब जायला नको. विजापूर इथून शंभर किलोमीटरवर. युसूफ आदिलशहाने दरबारी पंथ शिया केला. त्याचा नातू पहिला इब्राहिम १५३४ मध्ये गादीवर आला आणि शुक्रवारचा खुतबा, म्हणजे नमाजच्या वेळचं प्रवचन, सुन्नी झाला. त्याचा मुलगा पहिला अली १५५८ मध्ये आला, खुतबा पुन्हा शिया. या खेपांमध्ये कुराणाची एकही आयत बदलली नव्हती. बदलत होते ते मानकरी. इराणहून आलेले आफाकी सरदार बहुतेक शिया, दख्खनी सरदार सुन्नी. पंथ फिरला की नोकऱ्या आणि जहागिऱ्या फिरायच्या. इब्राहिमने बऱ्याच आफाकींना घरी बसवलं, अलीने त्यांना परत जवळ केलं. आपला भुईकोट किल्ला तेव्हा निजामशाही आणि आदिलशाहीच्या ओढाताणीत इकडून तिकडे जात होता. दोन्ही घराणी शिया असतानाही जात होता, हे विसरू नका.

सोलापुरातलं रोजचं भांडण कशावर?

शिया आपल्याकडे थोडे. गल्लीतलं भांडण सुन्नींच्या आपसात असतं, आणि ऐकून नवल वाटेल, पण भांडणारे दोघेही बहुधा हनफीच असतात. देवबंदी आणि बरेलवी. देवबंदचं मदरसं १८६६ मध्ये निघालं. बरेलीच्या अहमद रझा खान (१८५६-१९२१) यांच्या अनुयायांना बरेलवी म्हणतात; ते स्वतःला अहले सुन्नत म्हणवतात. नमाज तीच, इद्दत तीच, तरावीह दोघांची वीस. ते आठ पढून उठणारे अहले हदीस. ते सुन्नी फिकहच्या चार इमामांपैकी (अबू हनीफा, मालिक, शाफई, अहमद बिन हंबल) कुणाला बांधलेले नाहीत, थेट कुराण-हदीसवरून चालतो म्हणतात.

देवबंदी-बरेलवींचं मुख्य भांडण दर्ग्यावरून. पाचव्या सूरेत एक आयत आहे: अल्लाहपर्यंत पोचायला 'वसीला' शोधा. वसीला म्हणजे साधन, दुवा. बरेलवी म्हणतात, अल्लाहचे प्रिय झालेले वली हा तो दुवा, त्यांच्या नावाने मागितलं तर ते ऐकलं जातं. देवबंद्यांना वलींबद्दल आदर आहे, सूफी सिलसिले त्यांच्यातही आहेत, पण कबरीवर चादर चढवून मागणं त्यांना पटत नाही. अहले हदीसचं उत्तर सरळ: वसीला म्हणजे तुझी स्वतःची नेक करणी, संपलं.

हे वाचताना शास्त्रार्थ वाटतो. घरात शिरलं की तसं राहत नाही. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न जवळपास ठरलं होतं. मुलाकडचे बघून गेले, शीरखुर्मा झाला, देण्याघेण्याचं काही नव्हतंच. उठता उठता मुलाच्या मामूंनी हात धुताना विचारलं, "आपल्याकडे फातिहा देतात ना?" फातिहा देणं म्हणजे गेलेल्यांच्या नावाने दुआ पढणं, ही बरेलवी घरची खूण. मुलीच्या वडिलांनी खरं सांगितलं की नाही देत. चार दिवसांनी निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. दोन महिन्यांनी त्याचं झालं. मुलीच्या वडिलांनी त्या दिवशीचा टॉवेल अजून टाकलेला नाही, असं माझी आपा चिडून सांगते. खरंखोटं तिलाच माहीत.

"मौलवींना बाजूला सारा, ज्याने त्याने आपापलं वाचावं"

हे मला अनेक मित्र सांगतात, त्यात मुसलमानही असतात. अर्धं बरोबर आहे. अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी कुराणाचं फारसी भाषांतर केलं आणि त्यांच्या मुलांनी उर्दूत आणलं, ते लोकांनी स्वतः वाचावं म्हणूनच. आज मराठीतही भाषांतरं आहेत. वाचावंच.

पण नुसतं पुस्तक पुरत नाही. नमाज पढा हे कुराण पुन्हा पुन्हा सांगतं. पहाटेच्या फजरच्या दोन रकात आणि दुपारच्या जोहरच्या चार, हे त्यात कुठेच नाही. ते आचरणातून आलं. अण्णांच्या तरावीहचंही तेच. पैगंबरांनी काही रात्री ती सगळ्यांना एकत्र घेऊन पढवली, मग सक्ती होईल या भीतीने थांबवली. खलिफा उमरनी लोकांना पुन्हा एका इमामामागे उभं केलं. आठ की वीस, हा वाद त्या आठवणींचा आहे.

आणि दुसरा धोका जुना आहे. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत कुराणाच्या प्रती भाल्यांच्या टोकांना बांधून वर धरल्या गेल्या, की निवाडा याने करा. तेव्हाचे खलिफा हजरत अली लवादाला तयार झाले. तेव्हा त्यांच्याच सैन्यातला एक गट उठला: "निवाडा फक्त अल्लाहचा!" वाक्य कुराणातलंच. ते खारिजी. आपल्याशी सहमत नसलेल्या मुसलमानाला ते काफिर ठरवू लागले. अली म्हणाले, वाक्य खरं आहे, पण त्यातून काढायचंय ते खोटं. त्यांच्या नावावर आणखी एक उद्गार नोंदलेला आहे: हे कुराण दोन पुठ्ठ्यांमधलं लिखाण आहे, ते स्वतः बोलत नाही, माणसं त्याच्या वतीने बोलतात. ६६१ मध्ये एका खारिज्यानेच अलींचा जीव घेतला. त्या माणसाला कुराण येत नव्हतं अशातला भाग नाही.

"मग वर कुणीतरी एकच अर्थ ठरवून टाकावा"

हाही प्रयोग झालाय. ८३३ मध्ये बगदादच्या खलिफा मामूनने फर्मान काढलं, की कुराण निर्माण केलेलं आहे, अनादी नाही, हे सगळ्या काझी-विद्वानांनी कबूल करावं. तपासणी सुरू झाली. इमाम अहमद बिन हंबल कबूल होईनात. त्यांना तुरुंगात टाकलं, पुढच्या खलिफाने फटके मारले. वीस वर्षांच्या आत दरबारानेच ते सगळं गुंडाळलं. फटके खाल्लेल्या माणसाच्या नावाने सुन्नींचा चौथा मजहब, म्हणजे फिकहची परंपरा, उभा राहिला: हंबली.

त्याच्या आधीची मदिनेच्या इमाम मालिकांची गोष्ट तर याहून चांगली. खलिफा मन्सूर त्यांना म्हणाला, तुमचा ग्रंथ सगळ्या मुलखाला लागू करतो. मालिकांनी नकार दिला. पैगंबरांचे साथीदार गावोगाव पांगले, प्रत्येक गावाने त्यांच्याकडून काही घेतलंय, लोकांना त्यांच्यापुरतं राहू द्या, असं त्यांचं म्हणणं नोंदलेलं आहे. आपलंच पुस्तक राष्ट्रीय होत असताना नको म्हणणारा लेखक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

इथे कुणी विचारेल, मग तलाकचं काय? सुप्रीम कोर्टाने ठरवलंच की. प्रश्न योग्य आहे. एका दमात तीनदा म्हटलेला तलाक हनफी तीन धरत होते, गुन्हा म्हणत होते आणि तरी लागू मानत होते. अहले हदीस तो एक धरत. शियांकडे तर दोन साक्षीदारांशिवाय तलाकच नाही. इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात इब्न अब्बास सांगतात की पैगंबरांच्या काळात तीन म्हणजे एकच धरत होते, लोक उतावळे झाले म्हणून उमरनी तीन ते तीन केलं. २२ ऑगस्ट २०१७ ला पाच न्यायाधीशांनी तीन विरुद्ध दोन मतांनी ही प्रथा रद्द केली, २०१९ मध्ये तिला शिक्षाही लागली. निकाल तीन-दोन पडला, यातच सगळं आलं. शिक्षा असावी का यावर माझं मत वेगळं आहे, पण ज्या बाईला पोस्टकार्डावर तलाक आला होता तिला फिकहचे बारकावे सांगत बसण्याची माझी तरी छाती नाही. मतभेद सोसायचे ते किंमत कोण मोजतंय हे बघूनच.

"मग ती एकी कुठे गेली?"

कुराण म्हणतं, "सगळे मिळून अल्लाहची दोरी घट्ट धरा, फुटू नका." तिसरी सूरा, आयत १०३. प्रत्येक जमातीच्या जलशात ही आयत पढली जाते आणि प्रत्येक जण ती दुसऱ्याला ऐकवतो. तशीच त्र्याहत्तर फिरक्यांची हदीस: माझ्या उम्मतीचे, म्हणजे अनुयायांचे, ७३ गट होतील, एकच तरेल. तिर्मिजी, अबू दाऊद यांच्या संग्रहात ती आहे, बुखारी-मुस्लिममध्ये नाही. मी ती निदान चार वेगवेगळ्या जमातींच्या मंचावरून ऐकली. त्र्याहत्तरावे आपण, यावर चौघांचं एकमत होतं.

एकीचं एक साधं माप आहे: दुसऱ्याच्या इमामामागे नमाज पढता का? मक्केत काबागृहाभोवती चार मजहबांच्या चार वेगळ्या जागा असायच्या, नमाजही वेगवेगळ्या इमामांमागे व्हायची. १९२० च्या दशकात सौदी राजवट आली आणि सगळ्यांना एका इमामामागे उभं केलं. ते सत्तेने केलं, आणि त्याच सत्तेने कित्येक कबरींवरचे घुमट पाडले, हेही त्याच हिशेबात मांडायला हवं. २००५ मध्ये अम्मानला पन्नासहून अधिक देशांतले सुमारे दोनशे विद्वान जमले. सुन्नींचे चार मजहब, शियांचे दोन, शिवाय इबादी आणि जाहिरी, अशा आठही परंपरांचे लोक मुसलमान आहेत आणि त्यांना काफिर म्हणायचं नाही, यावर त्यांनी सह्या केल्या. मतभेद मिटवा असं त्यांनी कुठेही म्हटलं नाही. त्या कागदाचा आमच्या गल्लीवर किती परिणाम झाला, ते त्या मामूंना विचारावं लागेल.

इमाम शाफईंबद्दल सांगतात, की बगदादला अबू हनीफांच्या कबरीजवळ फजर पढताना त्यांनी स्वतःच्या मजहबातली कुनूतची दुआ सोडून दिली. कारण विचारल्यावर म्हणाले, या कबरीतल्या माणसाचा मान म्हणून. त्यांनी स्वतःचं मत बदललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ते कुनूत पढणारच होते.

गेल्या ईदला ईदगाहवर माझ्या उजव्या हाताला एक ओळखीचे गृहस्थ होते, तरावीहला आठवर उठणारे. ईदच्या नमाजला जादा तकबीर असतात, म्हणजे 'अल्लाहु अकबर' म्हणत हात कानापर्यंत न्यायचे. हनफींत त्या सहा, अहले हदीसकडे बारा. पहिल्या रकातीत आमच्या तीन, त्यांच्या सात. इमाम हनफी होते. नमाजमध्ये नजर सिजद्याच्या, म्हणजे माथा टेकायच्या, जागेवर ठेवायची असते, माझी तेवढी थोडी चुकली. तिसरी तकबीर झाली, इमामांनी सूरा सुरू केली, आणि शेजारच्यांचे हात सवयीने चौथ्यांदा उठले. छातीपर्यंत आले. मग तिथेच थांबले, खाली आले, आणि त्यांनी ते बांधून घेतले. आपल्या पद्धतीने, छातीवर.